काळं केलेलं नाव

मला हे सांगायचं नव्हतं.

उरूस समितीचे काशीद मास्तर मागं लागले म्हणून लिहितोय. चाँदबाबांच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. सगळ्यांनी लिहिलंय. कुणी लिहिलं, बाबांनी हात ठेवला आणि आटलेली म्हैस पान्हावली. कुणी लिहिलं, बाबांनी फुंकर मारली आणि पोरगं दहावी पास झालं. मी बाबांच्या शेजारी सारा जन्म काढला. मला कधी असली म्हैस दिसली नाही.

मास्तरांना म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, मला नका जुंपू.

मास्तर म्हणाले, "गेनबा, तुम्ही बोलता तसंच लिहा. फक्त एक करा. त्या साहेबांचं नाव घालू नका. नुसतं साहेब म्हणा. माणसाच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे."

खाजगीपणाचा. आणि हे मला सांगतात.

बरं, नाही घालत नाव. पुढचं पुढं बघू.

"मग बाबा, तुम्हीच सांगा, एवढं सगळं करून माझं कुठं चुकतंय?"

असं साहेब विचारत होते. चाँदबाबा सुपारी कातरत होते...

इथं जरा थांबतो. ज्याला जागा माहीत नाही त्याला यातलं काही कळायचं नाही.

आमच्या कुरणवाडीच्या बाहेर टेकाडावर मुकाबाबांचा दर्गा आहे. मुकाबाबा जन्माचे मुके नव्हते. लोक त्यांच्याकडं यायचे, पोटातलं बोलायचे, बाबा ऐकून घ्यायचे. गढीच्या सरदारानं एकदा विचारलं, अमका तुझ्यापाशी काय बोलला? बाबांनी सांगितलं नाही. मारलं, तरी नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते कुणाशीच बोलले नाहीत. म्हणजे परत कुणी विचारायलाच नको.

ते गेल्यावरही लोक यायचे थांबले नाहीत. मजारीला, म्हणजे त्यांच्या कबरीला, लागून एक ठेंगणी खोली आहे, तिला हुजरा म्हणतात. दार नाही, पडदा आहे. जगात कुणापाशी बोलता येत नाही असं ज्याच्याकडं काही असतं तो पडद्याआड जातो आणि मजारीच्या जाळीकडं तोंड करून बोलतो. हिंदू जातो, मुसलमान जातो. बाई जाते, बाप्या जातो.

तो आत असेपर्यंत बाहेर नगारा वाजतो. आतलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आत जाणाऱ्यानं पडद्यातून वाजवणाऱ्याला नावानं हाक मारायची, "गेनबा, वाजव." हाक आली की मी सुरू. तो बाहेर आला की टिपऱ्या खाली. काय बोललास, हे कुणी विचारायचं नाही. एखाद्याला वेळ लागतो, माझे दंड भरून येतात, तरी विचारायचं नाही. माझा बाप असाच वाजवत आला. त्याच्या वेळी लोक "सटवाजी, वाजव" म्हणायचे.

चाँदबाबा तिथले मुजावर. झाडलोट करायची, दिवा लावायचा, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलायचे. लोक त्यांना गुरू म्हणायचे. ते म्हणायचे, मी झाडूवाला आहे.

तर एका उरसात कुणी एक माणूस इथं मुक्काम करून गेला. सरकारला पाहिजे असलेला. आम्हाला काय माहीत. उरसाला येणाऱ्याचे आम्ही काय दाखले बघतो का?

त्यानंतर हुजऱ्यात पेटी बसली. काडेपेटीएवढी, दिव्याच्या कोनाड्याच्या वर. ऐकणारी पेटी. काम अगदी गुप्त होतं. इतकं गुप्त, की बसवायला आलेल्या माणसाचा हात पुरेना तेव्हा त्यानं चाँदबाबांकडंच स्टूल मागितलं.

बाबांनी दिलं. वर धरूनही उभे राहिले, पोरगा पडेल म्हणून.

आता त्या पेटीला काय ऐकू आलं असेल? नगारा. सकाळी नगारा, दुपारी नगारा. तिकडं ऐकत बसलेल्यांना वाटलं, यात काहीतरी आहे. कुणी तोंड उघडलं की हा माणूस बरोबर वाजवायला लागतो. म्हणजे याला कुणीतरी शिकवून बसवलंय.

जीप आली. मला नेलं, नगाराही नेला.

तालुक्याला एका खोलीत बसवलं. "कुणाच्या सांगण्यावरून वाजवतोस?"

म्हटलं, "बापाच्या."

"बाप कुठंय?"

"मेला."

"म्हणजे विचारायला कुणी नाही."

असं बोलणं. तेच तेच. वर नगाऱ्यात काही लपवलंय का बघायला त्यांनी त्याचं चामडं सुरीनं उभं फाडलं. नगाऱ्याच्या आत काय असतं? हवा. ती गेली.

मग एक दिवस म्हणाले, जा.

का आणलं होतं, का सोडताय, काही नाही. फाटका नगारा डोक्यावर घेऊन मी एस्टी स्टँडवर उभा राहिलो, तर ओळखीची माणसं दुसरीकडं बघायला लागली. सुनेच्या माहेरचे अजून तिला विचारतात, सासऱ्याचं ते काय मिटलं का? मिटायला काय होतं काही?

नगाऱ्याला नवं चामडं चढवलं. वाजतो. पण बापाच्या हाताखालचा आवाज गेला तो गेला.

फाटकं चामडं मी उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "राहू दे. कुणाला बसायला होईल."

हे झालं आधीचं. आता साहेब.

साहेब उन्हाळ्यात आले, दुपार कलल्यावर. गाडी टेकाडाखाली ठेवून चढून आले तरी धाप नाही. चाळिशीचे असतील. माणूस चांगला वाटला, खोटं कशाला बोलू. चांगल्या माणसाचा मला जास्त राग येतो.

त्यांनी बाबांना नमस्कार केला, नाव सांगितलं. ते घालत नाही.

बाबा म्हणाले, "गेनबा, साहेबांना बसायला टाक. ते चामडं टाक."

मी बाबांकडं बघितलं. बाबा अडकित्त्याकडं बघत होते.

मी चामडं टाकलं. साहेब मांडी घालून बसले. फाट बरोबर त्यांच्याखाली गेली. मी बाजूला चुलीवर चहा ठेवला.

"आपलं काम काय, साहेब?"

"मी सुरक्षा खात्यातच आहे, पण माझं काम उलटं आहे. खात्यात सगळे ऐकणारे, बघणारे. मी एकटाच असा की त्यांना विचारतो, हे ऐकायची गरज आहे का? कायद्यात बसतं का? साध्या माणसाच्या घरात विनाकारण हात जातोय का? लोकांच्या खाजगीपणाचा आणि हक्कांचा अधिकारी म्हणतात मला."

सरकारात असलंही पद असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग ते तुम्हाला काय म्हणतात?"

"ब्रेक म्हणतात." साहेब हसले. "आमचा ब्रेक आला, म्हणतात. काही जण तर दुपारच्या डब्याला माझ्या शेजारी बसत नाहीत."

"तुम्ही मग कुठं बसता?"

"एकटा बसतो. पण त्यांच्या कागदाला माझी सही लागते, बाबा. माझ्या सहीशिवाय आता पेटी बसत नाही."

"इथली बसली."

"तेव्हा मी या पदावर नव्हतो. आल्या आल्या पहिला कागद इथला काढला."

बाबांनी मान हलवली. पुढं बोला, अशी.

"या पेटीची मुदत संपत आलीय. ठेवायची की काढायची, यावर माझं मत जायचंय. वरच्यांचं म्हणणं, ही ठेवा आणि आणखी बसवा. तुमच्या घरात, गावात, जिथं लोक बसतात तिथं. का, तर इथं काहीच ऐकू येत नाही. नगारा. मी त्यांना अडवून धरलंय आणि एक मार्ग काढलाय. तेवढ्यासाठी मुद्दाम आलो. नुसत्या कागदावरून मी सही करत नाही, जागा बघतो."

"मार्ग सांगा."

"नगारा बंद करा."

माझ्या हातून चहाची पूड चुलीत सांडली.

साहेबांनी बघितलं नाही. ते बोलण्यात होते. "आधी ऐकून घ्या. नगारा बंद झाला तर पेटी ही एकच राहील. गावात दुसरी बसू देणार नाही, हा माझा शब्द. इथं जे ऐकू येईल ते आधी यंत्र ऐकेल. धोक्याचं वाटेल तेवढंच माणसापुढं जाईल, बाकीचं पुसून टाकायचं. जे राहील त्यातली नावं मी स्वतः बसून काळी करणार. आमच्या खात्यात असले नियम नव्हते, बाबा. मी भांडून आणले. आणि नगारा चालूच राहिला तर वरच्यांचा संशय खरा ठरतो, माझ्या हातात काही उरत नाही. हे मी तुमच्याच लोकांसाठी करतोय. मग बाबा, तुम्हीच सांगा, एवढं सगळं करून माझं कुठं चुकतंय?"

हां. इथं होतो आपण.

बाबा सुपारी कातरत राहिले.

मग म्हणाले, "एक बाई येत नाही हल्ली."

"कोण बाई?"

"गुरुवारची यायची. आत जायची, बाहेर यायची, तोंड धुवायची, घरी जायची. पेटी बसल्यापासून नाही."

"पण तिचं कुणी ऐकणारच नव्हतं. नियमाप्रमाणं तिचं पुसलं गेलं असतं."

"हे तिला कोण सांगणार?"

"तसं सांगता येत नाही ना. सांगितलं म्हणजे पेटी आहे हे कबूल केल्यासारखं होतं."

"स्टूल माझं होतं, साहेब."

साहेब ओशाळून हसले. अंगणात हुजऱ्यासाठी थांबलेल्या दोघी बाया बसल्या होत्या, त्याही पदराआड हसल्या. मेंढ्या सोडून सावलीला टेकलेला एक धनगर होता, तो एवढ्या वेळात पहिल्यांदा आमच्याकडं वळला.

"काळं करायचं म्हणालात," बाबा म्हणाले. "ते कसं?"

या प्रश्नावर साहेब खुलले. "उदाहरणच सांगतो. इथलंच आहे. तुमचा तो नगारेवाला."

मी चहा गाळत होतो. गाळत राहिलो.

"त्याला उचललं होतं आमच्या लोकांनी. घोडचूक. मी कागद वाचला आणि उठून सरळ वरिष्ठांच्या खोलीत गेलो. म्हटलं, एक म्हातारा आपल्या रीतीनं वाजवतोय, यात संशय घेण्यासारखं आहे काय? त्यांनी मला तासायचं तेवढं तासलं. पण मी निरुपद्रवी असा शेरा मारला आणि त्याला सोडायला लावलं. एवढ्यावर थांबलो नाही. पुढं कधी कुणी त्याच्यावर बोट ठेवू नये म्हणून सगळ्या कागदांतून त्याचं नाव काळं केलं. माझ्या हातानं. आज मलाच विचाराल, तर मलाही त्याचं नाव सांगता यायचं नाही."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. खोटं नव्हते बोलत. ते भांडले असतील. मला सोडलं ते त्यांच्यामुळं, हे मला तेव्हा कळलं.

निरुपद्रवी. आमच्याकडं असं झुरळाला म्हणतात.

मी कप नेऊन त्यांच्यापुढं ठेवला. "थँक्यू," म्हणाले. कपाकडं बघून म्हणाले.

"त्याला कुणी सांगितलं का," बाबांनी विचारलं, "की चूक तुमची होती?"

"तशी तरतूद नाही. लिहून दिलं तर खात्यावर येतं."

"तोंडानं?"

"तोंडानं सांगायला माणूस कोण ते कळायला हवं, बाबा. नाव तर काळं केलंय."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"साहेब, आत जाऊन या."

"आत? पेटी मला माहीत आहे कुठं आहे ती."

"पेटी बघायला नाही. मुकाबाबांशी बोलायला."

"मी असलं काही मानत नाही, बाबा."

"तेही विचारत नाहीत, मानता का म्हणून." बाबांनी सुपारीची खांडं हातावर घेतली. "बायकोला सांगितलं नाही, खात्याला सांगितलं नाही, असं काही असेल ना? तेवढं बोला. बाहेर आलात की नगाऱ्याचं तुम्ही म्हणाल तसं करू. बंद म्हणालात तर बंद."

मी म्हटलं, "बाबा..."

"गेनबा, चूल विझव. धूर होतोय."

चूल विझवली. दुसरं काय करणार होतो? पिढ्यान्‌पिढ्यांचा नगारा, बाबांनी एका परक्या माणसाच्या जिभेवर पणाला लावला.

साहेबांना गंमत वाटली असावी. बूट काढले, मोजे काढले, बुटात नीट घडी करून ठेवले. हुजऱ्यात शिरताना वरची चौकट कपाळाला लागली. सगळ्या उंच माणसांना लागते. पडदा पडला.

नवा माणूस आला की बाबा पडद्याशीच त्याला माझं नाव सांगायचे. त्या दिवशी सांगितलं नाही.

मी सवयीनं टिपऱ्या उचलल्या.

बाबांनी मान हलवली. "हाक येऊ दे."

मग जी शांतता पडली ती मला कधी माहीतच नव्हती. माणूस आत असताना त्या अंगणात मी कधी शांतता ऐकलेली नाही. मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. पडद्याच्या कड्या ऐकू आल्या. आत साहेब गुडघे मोडून बसले, तेही ऐकू आलं.

ते खाकरले.

"मुकाबाबा," म्हणाले. जरा चेष्टेत.

मग काही नाही.

"मी..." म्हणाले. आता चेष्टा नव्हती. "मी घरी..."

थांबले. त्या दोघी बायांनी माना खाली घातल्या. धनगर उठून दर्ग्याच्या भिंतीपलीकडं गेला. त्याला ऐकायचं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी कुठं जाणार?

पेटीला बारका लाल दिवा होता. तो कोनाड्याच्या वर, बसणाऱ्याच्या बरोबर तोंडासमोर यायचा. साहेबांना तो दिसला असेल. नियम त्यांचेच होते, पुसायचंही त्यांच्याच हातात होतं. तरी ते पुढं बोलेनात.

"बाबा," आतून आवाज आला.

"बोला, साहेब."

"नगारा वाजत नाहीये."

"बंद करा म्हणालात."

"आत्तापुरता वाजवायला सांगा."

"मी नाही सांगत. ज्याला बोलायचंय त्यानं नावानं हाक मारायची. तशी रीत आहे."

"नाव काय त्याचं?"

बाबांनी पान पुसायला घेतलं.

"बाबा, नगारेवाल्याचं नाव काय?"

"तुम्हाला ठाऊक होतं, साहेब."

आत काही हललं नाही. मग पडदा बाजूला झाला आणि साहेब वाकून बाहेर बघायला लागले.

समोर मी. चहा दिला तोच. पुढ्यात नगारा, हातात टिपऱ्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बाजूला ते चामडं पडलं होतं, गोल, मधून उभं फाटलेलं. ऊन त्या फटीतून खालच्या फरशीवर पडलं होतं.

"हे..."

"नगाऱ्याचं आहे," बाबा म्हणाले.

"मी यावर बसलो होतो?"

"बसायला बरं आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. ते पडदा धरून तसेच वाकलेले राहिले. ना आत, ना बाहेर.

"तुमचं नाव काय?" मला विचारलं.

हेच नाव मी त्या तालुक्याच्या खोलीत इतक्यांदा सांगितलं होतं, की शेवटी ते मलाच दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं होतं. वाटलं, नको सांगू. याच्या कागदांतून गेलंय ना, याच्या डोक्यातूनही जाऊ दे.

"गेनबा सटवाजी वाजंत्री," म्हटलं.

त्यांचे ओठ हलले.

मी टिपऱ्या खाली ठेवल्या. येईल ते नीट ऐकू यावं म्हणून. अंगणात सगळे ऐकत होते. त्या दोघी तर मान वर करून बघत होत्या.

साहेब म्हणाले, "गेनबा, वाजवा."

एवढंच.

मी बाबांकडं बघितलं. बाबांनी नजर दिली नाही. ते पानाला चुना लावत होते. वाजव म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

मनात आलं ते सांगतो. मनात आलं, बस तसाच. कळू दे, उघड्यावर बोलायचं म्हणजे काय असतं. नगारा बंद होणार असेल तर होऊ दे, पण या माणसासाठी माझा हात उठायचा नाही.

पण हाक आली होती. नावानं आली होती. माझा बाप म्हणायचा, आत कोण आहे ते बघून वाजवायचं नसतं.

मी टिपऱ्या उचलल्या. पडदा पडला.

आणि मग तो माणूस बोलला. काय बोलला ते विचारू नका. मला माहीत नाही. पेटीला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. इतकं सांगतो, की त्या दिवशी माझे दंड जितके भरले तितके कधी भरले नव्हते. उन्हं पायरीवरून खाली उतरली तरी पडदा हलला नाही. त्या दोघींतली एक दुसरीला हळूच म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला एवढं असतं का गं?

साहेब बाहेर आले तेव्हा चौकट परत लागली. या वेळी त्यांनी कपाळ चोळलं नाही.

मी थांबलो.

ते चामड्यावर बसले नाहीत. फरशीवर बसले. चहावर साय धरली होती, गार झाला होता. तो तसाच प्याले.

"बोला, साहेब," बाबा म्हणाले. "नगारा बंद?"

"चालू राहू द्या."

"आणि तुमचा मार्ग?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "माझ्या मतानं वरचे थांबतील की नाही, मला सांगता यायचं नाही. पण या पेटीच्या कागदावर माझी सही होणार नाही."

"मग डब्याला शेजारी कोण बसणार?"

"आत्ता तरी कोण बसतंय?"

बाबा हसले. साहेबही हसले, पण त्यांना हसताना त्रास होत होता.

त्यांनी मोजे घातले, बूट घातले, नाडी बांधली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी बसलेलो, ते उभे. पुन्हा ओठ हलले. मी पुन्हा वाट बघितली.

त्यांनी नगाऱ्याच्या तांब्याच्या कडेला बोट लावलं.

"आवाज चांगला आहे," म्हणाले.

"आधी चांगला होता," मी म्हटलं.

त्यांनी बोट काढून घेतलं. खालून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ते अजून थोडे थांबले... मग गेले. उतरताना एकदा पाय घसरला, सावरले.

महिना गेला असेल नसेल, पेटी बसवणारा तोच पोरगा पेटी काढायला आला. हात पुरेना. बाबांकडं स्टूल मागितलं. बाबांनी परत धरलं. दुसऱ्या पेट्या गावात बसल्या की नाही, मला ठाऊक नाही. निदान आमचं स्टूल कुणी मागितलं नाही.

गुरुवारची बाई पुढं दिवाळीनंतर आली. आत गेली, हाक मारली, "गेनबा, वाजव." मी वाजवलं.

साहेबांचं खात्यात पुढं काय झालं ते कळलं नाही. सोपं गेलं नसणार. त्यांनी जे केलं ते केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते वेगळं आणि माझं वेगळं. काशीद मास्तर म्हणतात, गेनबा, पेटी निघाली, आता किती धरून ठेवायचं? मास्तरांना मी एकदा सुरीनं फाडलेलं चामडं मांडीवर घेऊन एस्टीत बसवणार आहे.

त्या संध्याकाळचं राहिलं. बाबा जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो. मास्तरांना खोडायचं तर त्यांनी स्वतःच्या हातानं खोडावं.

बाया गेल्या होत्या. बाबा मजारीपाशी उदबत्ती लावत होते. मी नगाऱ्यावर फडकं टाकत होतो. राहवलं नाही.

म्हटलं, "बाबा, सगळं बोलला तो माणूस. माझ्याशी तेवढं बोलला नाही."

बाबांनी आणखी एक उदबत्ती काढली.

"की आत बोलला ते? तुम्ही जवळ होतात. काही कानावर आलं?"

"तू वाजवत होतास ना?"

"वाजवत होतो."

"मग?"

मी म्हटलं, "पण समजा, बाबा. समजा आत मागितली असेल त्यानं माफी. तर?"

बाबांनी काडी विझवली. धूर जाईपर्यंत थांबले.

"आत मागितली असेल तर ती मुकाबाबांना पोचली, गेनबा. तुझी अजून मकरंद हळबेंकडं आहे."